एफ-वन दाबा, पुढे सरका

आमच्या घरात आंध्र प्रदेश आत्ता-आत्तापर्यंत अखंड होता. रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास, चहा झाल्यावर, मी एक बटण दाबायचो आणि तो पुन्हा स्थापन व्हायचा.

बाहेर बरंच काही घडून गेलं आहे. २ जून २०१४ ला तेलंगणा झालं. ११ ऑक्टोबर २०१६ ला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. निर्मल गेलं, मंचिर्याल गेलं, आसिफाबाद कोमरम भीमचं नाव घेऊन वेगळं निघालं आणि आम्ही मूळ नाव तेवढं सांभाळत बसलो, वाटण्यांत थोरल्या भावाकडे जुना वाडा यावा तसं. पण आमच्या बैठकीच्या कोपऱ्यात बसलेल्या संगणकाला यातलं काहीही मान्य नव्हतं. त्याला उठवलं की तो सांगायचा: आज १ जानेवारी २००२, वेळ रात्रीचे बारा. खिडकीतून ऊन अंगावर येत असायचं आणि हा म्हणायचा मध्यरात्र. वर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची आणि तिच्याखाली दुसरी: पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. पहिली ओळ मी कधी वाचली नव्हती. ज्या ओळीत काय करायचं ते सांगितलेलं असतं तीच माणूस वाचतो. एसटीत कंडक्टर ‘पुढे सरका’ म्हणाला की आपण सरकतो, का म्हणून विचारत नाही.

एफ-वन दाबलं की खरा खेळ सुरू व्हायचा. विंडोज एक्सपीचं चित्र यायचं, त्याखालची ती पट्टी दोनदा सरकायची, पडदा क्षणभर निळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी दाटीवाटीनं लिहिलेलं असायचं, आणि ते वाचायच्या आत सगळं काळं होऊन पुन्हा पहिल्यापासून. चित्र, पट्टी, निळं, काळं. असं तो दिवसभर करू शकत असे. दमत मीच असे.

तुम्ही म्हणाल, फेकून द्या. सगळेच म्हणतात. हा संगणक मी २००८ साली घेतला. आला तेव्हा त्यात व्हिस्टा होतं, दुकानदारानं त्याच दिवशी ते काढून एक्सपी घातलं. त्या काळी ते सगळेच करत, नव्या सुनेचं माहेरचं नाव बदलावं इतक्या सहजपणे. त्यावर मी लग्नपत्रिकांचं काम सुरू केलं. आमच्याकडची पत्रिका म्हणजे साधं काम नाही. जैनद, बेला, तामसी या बाजूला घराघरांत मराठी. वरपक्ष किनवटचा, वधूपक्ष निर्मलचा, कार्यालयाचा मालक तेलुगू, आचारी उर्दू बोलणारा. म्हणून पत्रिका एका बाजूनं मराठी, दुसऱ्या बाजूनं तेलुगू. मराठीला श्रीलिपी, तेलुगूला अनु. हे जुने फॉण्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मुखवटे असतात. मुखवटा असलेल्या यंत्रावर ‘श्री गणेशाय नमः’ दिसतं, नसलेल्यावर तीच फाईल उघडली तर कुणीतरी कीबोर्डवर मांजर सोडल्यासारखं दिसतं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण ते आमच्या पत्रिकांपर्यंत यायला बराच काळ लागला, आणि तोपर्यंत अर्ध्या तालुक्याची लग्नं मी मुखवट्यांत लावून मोकळा झालो होतो. आता थोरल्याच्या पत्रिकेसारखीच धाकट्याची हवी असं म्हणत लोक येतात. थोरल्याची फाईल या एकाच यंत्रावर उघडते. तेव्हा फेकून देणं हा सल्ला मला देऊ नका.

तर निदान. आमच्याकडे पाहुणा आजारी पडला तर डॉक्टरआधी गल्ली येते, तसंच झालं.

पहिले आले शेजारचे निवृत्त गुरुजी. मराठी माध्यमाच्या शाळेत जन्म गेला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं कारण ते उंचावरून सांगतात. त्यांचं मत पडलं: करंट. या जिल्ह्यात ज्या गोष्टीचं कारण सापडत नाही तिचं कारण करंट असतं. दिवा गेला की पूर्ण गल्ली एका सुरात ‘करंट पोयिंदि’ म्हणते. हे वाक्य तेलुगू असलं तरी त्याला भाषांतर लागत नाही, मराठी माणूसही अंधारात तेलुगूच बोलतो. गुरुजींनी स्टॅबिलायझर आणवला. त्याच्या काट्याकडे आम्ही दोघं अर्धा तास पाहत होतो. काटा २२० वर अगदी शहाण्यासारखा उभा होता. संगणक पलीकडे निळा-काळा होत होता.

दुसरे आले पांढरकवड्याचे भाऊजी. ते महाराष्ट्र सरकारच्या सेवेत आहेत आणि एमएस-सीआयटी पास आहेत. पैनगंगेच्या अलीकडे आले की ही पदवी ते जरा मोठ्या आवाजात सांगतात, कारण आमच्याकडे ती परीक्षा नाही. त्यांनी खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या आणि दोन मिनिटांत सांगितलं, व्हायरस. कुठून आला? ‘पेनड्राईव्हातून.’ मग उपाय? ‘फॉरमॅट मारा.’ संगणकाच्या बाबतीत ‘फॉरमॅट मारा’ हे वाक्य म्हणजे वाटण्यांच्या भांडणात ‘घरच पाडा’ म्हणण्यासारखं आहे. भांडण मिटतं हे खरं. पण भाऊजींनी एक काम फार मोलाचं केलं. सुरू होताना एफ-एट दाबत राहिलं की एक काळी यादी येते आणि तिच्यात, पडल्यावर आपोआप पुन्हा सुरू होऊ नकोस, असं संगणकाला सांगता येतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते सांगितलं, आणि तो निळा पडदा पहिल्यांदा हलायचा थांबला. आम्ही सगळे चष्मे काढून पुसून पुन्हा घालून वाचायला बसलो.

बरंच इंग्रजी होतं. खाली एक आकडा. शून्य, एक्स, मग शून्यांची रांग आणि शेवटी सात-बी.

‘सातबारा माहीत आहे, हा सात-बी काय आहे?’ भाऊजींनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्याकडे सातबारा, आमच्याकडे पहाणी, सात-बी संगणकवाल्यांकडे असेल. विनोद म्हणून बोललो, पण अर्थ लावल्यावर तसंच निघालं. सात-बी म्हणजे ज्या डिस्कवरून उठायचं ती डिस्कच सापडत नाही. जमीन जागेवर आहे, विहीर आहे, बांधावरचं चिंचेचं झाड आहे, फक्त कार्यालयातला बाबू मान वर न करता म्हणतो, असा सर्व्हे नंबर नाही.

तिसरं निदान आईचं. ‘काऊन रे, आज बी उठला नाही का थो?’ ती रोज विचारत असे, घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असावं अशा आवाजात. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. वास दोन दिवस कीबोर्डला होता. आणि मग एक दिवस तिनं असं काही सांगितलं की मी हसलो: ‘मले तं वाटते, ह्याले एकादशी पावते. दुवादशीले बरोबर उठते पाय.’

मी हसलो खरा. पण पुढच्या द्वादशीला बटण दाबलं आणि तो पहिल्या हाकेला उठला.

हे जरा बाजूला ठेवतो, आधी संगणक दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा सांगितला पाहिजे. कारण दरम्यान मी संगणकाचं धूड स्कूटीवर पायांत धरून त्याच्याकडे नेलं होतं. मुलगा हुशार, बोलणं अर्धं तेलुगू अर्धं दखनी, आणि कुठल्याही संकटावर त्याचा एकच मंत्र: ‘ऐपोतदि, अन्ना.’ होऊन जाईल. त्यानं झाकण उघडलं आणि आतून कापूस निघाला. अतिशयोक्ती नाही. आमचा जिल्हा कापसाचा. हंगामात मार्केट यार्डाकडे गाड्यांची रांग लागते, जिनिंग सुरू झालं की हवेतच तंतू असतात, आणि संगणकाचा पंखा म्हणजे दिवसभर आत श्वास घेणारा प्राणी. सोळा-सतरा हंगामांचा श्वास त्यात साठला होता. मुलानं ब्लोअर मारला, दुकानभर भुरभुर झाली, समोरच्या चहावाल्यानं शिव्या दिल्या. पाव उशी भरली असती. मी म्हटलं, सापडलं. मुलगा म्हणाला, नाही अन्ना, कापसानं तापतो, तापला की दहा मिनिटांनी बंद पडतो. हा तर जन्मतानाच मरतो. मला त्याचं हे तर्कशास्त्र आवडलं. दुखणं कोणत्या वेळेला होतं त्यावरून रोग ओळखायचा, हे जुने वैद्यही करत.

आत एक वाळलेली पालही मिळाली. १९४७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-टू या संगणकात पतंग अडकलेला सापडला होता, तो त्यांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि खाली लिहिलं, किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. आमची पाल त्याच मानाची होती. नोंदवही नव्हती म्हणून गटारात गेली. मुलानं मग मदरबोर्डावरच्या त्या उभ्या डब्यांवर बोट फिरवून पाहिलं. या शतकाच्या सुरुवातीला जगभर अशा वाईट कपॅसिटरांची साथच आली होती, आतलं रसायन बिघडून त्यांची पोटं फुगत. आमच्याची पोटं सपाट निघाली. शेवटी त्यानं रॅमची पट्टी काढली आणि शाळकरी खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले. हा उपाय कुठल्या पुस्तकात आहे माहीत नाही, पण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत संगणक याच रबरावर चालतो.

मग त्यानं बटण दाबलं, आल्या-आल्या डिलीटची कळ बडवून एका निळ्या यादीत शिरला, सवयीनं काहीतरी बदललं, बाहेर आला, आणि संगणक सुरू! ‘ऐपोयिंदि!’ दोनशे रुपये दिले. आनंदानं स्कूटीवर घातला, घरी आणला, वायरी जोडल्या, आईनं पुढ्यात साखर ठेवली, बटण दाबलं. चित्र, पट्टी, निळं, काळं.

दुकानात चालतो, घरी मरतो. असं तीन वेळा झालं. डॉक्टरच्या दारात पोचलं की ज्याचा ताप उतरतो असं एक पोर प्रत्येक घरात असतं, ते आमच्याकडे हे. चौथ्या खेपेला पौष अमावास्या आली, मुलगा केस्लापूरला नागोबाच्या जत्रेला गेला आणि दुकानाला कुलूप. तो परत आल्यावर मीच त्याला हात जोडले आणि म्हटलं, तू आत जाऊन काय करतोस ते मला शिकव. त्यानं ते शिकवलं आणि मी पाठ केलं: डिलीट दाब, दुसऱ्या ओळीत शीर, खाली उतर, एएचसीआय काढ, आयडीई घाल, एफ-टेन, वाय, एंटर. अर्थ न कळता म्हटलं तरी फळ मिळतं, या बाबतीत हा मंत्र आपल्या परंपरेत चपखल बसतो. मी रोज सकाळी तो म्हणू लागलो आणि संगणक रोज उठू लागला. तारीख मात्र १ जानेवारी २००२. सुरुवातीला मी ती दुरुस्त करत असे. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग नाद सोडला. त्याचा परिणाम असा की बेल्याच्या एका मुलीची २०२४ सालची पत्रिका मी केली, तिच्या फाईलवर तारीख पडली १ जानेवारी २००२. मुलगी जन्मली २००३ मध्ये. तिच्या जन्माआधीच तिच्या लग्नाचं ‘आग्रहाचं निमंत्रण’ माझ्याकडे तयार होतं. अशी तयारी वधुपित्यांनाही जमत नाही.

मंत्राचा अर्थ मात्र नंतर कळला तेव्हा मला भरून आलं. मदरबोर्डानं डिस्कशी कोणत्या भाषेत बोलायचं, एवढाच तो प्रश्न आहे. आयडीई ही जुनी बोली, एएचसीआय ही नवी. यंत्र मुळात नवीचं होतं. एक्सपी जुना माणूस, त्याला जुनीच येते. दुकानदारानं २००८ साली त्याच्यासाठी बोली बदलून ठेवली होती. ती बदललेली खूण कुठेतरी पुसली जाई, मदरबोर्ड नवी भाषा धरी, आणि एक्सपी समोर असलेल्या डिस्ककडे बघत उभा राही. मराठी शाळेत शिकलेला पोरगा हैदराबादच्या कार्यालयात खिडकीपुढे उभा असतो तसा. समोरचा बोलतोय, आपलंच नाव घेतोय बहुतेक, पण अर्थ लागत नाही. आणि मग तो घाबरून निळा पडतो. आमच्या जिल्ह्यातल्या संगणकाला दुसरा कोणता रोग होणार होता?

भाषेवरून घरं हलण्याचा अनुभव आम्हाला जुना आहे. हैदराबाद राज्याची डिस्क १९५६ च्या नोव्हेंबरात फॉरमॅट न करता पार्टिशन केली गेली. किनवट तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. माझी आत्या सी ड्राईव्हमध्ये, आजोबा डी ड्राईव्हमध्ये. पूर्वीच्या आमच्याच जिल्ह्यात, आता आसिफाबादकडे गेलेल्या केरामेरी मंडलात, सीमेवर डझनभर गावं अशी आहेत की त्यांच्यावर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. लोकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, गावाला दोन सरपंच. संगणकवाले याला ड्युअल बूट म्हणतात आणि ते बसवून देण्याचे पैसे घेतात. या लोकांना ते फुकट मिळालं, फक्त दोन्ही बाजूंनी अर्धवट सुरू होतं.

आता एकादशी.

धाकट्या चुलतभावाच्या पत्रिकेसाठी एक दिवस मी जुन्या फायली तारखेप्रमाणे लावल्या. अपेक्षेप्रमाणे खालपासून वरपर्यंत १ जानेवारी २००२. त्या एका दिवशी मी दीडशे पत्रिका, अठरा बारशी आणि नऊ तेरवीची कार्डं केली होती. पण अधूनमधून एखादी फाईल २ जानेवारीची होती. मी थबकलो. म्हणजे काही रात्री या यंत्राची एक रात्र खरोखर सरली होती. त्या फायली कोणाच्या, कधी केल्या, हे पावतीबुकातून काढलं. सगळ्या द्वादशीच्या. दोन फायली ४ जानेवारीच्या होत्या. त्या आठवड्यात आई माहूरला मामाकडे तीन रात्री राहिली होती. आणि एक फाईल, एकच, ११ जानेवारीची. ती आषाढाची. आई दहा दिवस पंढरपूरला गेली होती.

मी पावतीबुक मिटलं. आई घरात नसली की आमच्या घरातला काळ पुढे सरकतो.

कारण साधं आहे. आई रात्री झोपण्याआधी घरभर फिरते. गॅसचं बटण, देवघराचं दार, मागची कडी आणि भिंतीवरचा प्रत्येक स्विच. टीव्हीचा, मिक्सरचा, संगणकाचा. ‘लाल दिवा दिसते म्हंजे मीटर फिरते.’ एकादशीला ती विठ्ठल मंदिरात भजनाला जाते, उशिरा येते, उपासानं थकलेली असते, तशीच आडवी होते. त्या रात्री स्विच चालू राहतो. आणि भिंतीतून वीज येत असली की बंद संगणकही आतून अर्ध्या डोळ्यानं जागा असतो. आपलं घड्याळ आणि आपल्या खुणा तो त्या विजेवर सांभाळतो. स्विच बंद केला की ते काम एका बॅटरीवर येतं. नाण्याएवढी गोल, चपटी, मदरबोर्डाच्या कोपऱ्यात बसलेली. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून तिचं नाव सीआर-२०३२. तीन व्होल्टची. सोळा वर्षं रोज रात्री आईनं तिला रात्रपाळीला लावलं होतं आणि ती केव्हाच गेली होती. रात्री स्विच बंद झाला की यंत्र सगळं विसरे, कारखान्यातल्या मूळ स्वभावावर जाई, भाषा बदले, २००२ साली जागं होई.

आता त्या पहिल्या ओळीचं. एफ-वन दाबा याच्या वरची ती, जी मी कधी वाचली नाही. दुसऱ्या दिवशी हात मागे बांधून मी ती वाचली. तिच्यात लिहिलं होतं: सीमॉसची बेरीज चुकली आहे, मूळ सेटिंग घेतलं आहे. म्हणजे तो रोज सकाळी स्वच्छ सांगत होता. मला स्मृतिभ्रंश झालाय, मी पहिल्या अवस्थेत गेलोय, कृपया बघा. आणि मी रोज सकाळी चहाचा कप हातात धरून त्याला पुढे सरका म्हणत होतो. गुरुजींनी ती ओळ पाहिली नाही, कारण ते काट्याकडे पाहत होते. भाऊजींना ती दिसली नाही, कारण ती प्लग लावल्यावर एकदाच दिसते, आणि ते येईपर्यंत संगणक चाळीस वेळा मरून उठलेला असे. मुलाच्या दुकानात ती येत असणार, पण मॉनिटर उजळेपर्यंत त्याचं बोट डिलीटवर.

आईला हे कसं सांगायचं हा प्रश्न होता. तुझ्यामुळे बंद पडतो, असं म्हणायची माझी छाती नाही. मी चुलीकडून सुरुवात केली. म्हटलं, आई, गॅस यायच्या आधी तू रात्री चुलीत निखारा राखेखाली दाबून ठेवत होतीस ना? सकाळी फुंकर मारली की चूल पेटायची. तसा यात एक निखारा असतो. तो विझलाय. म्हणून सकाळी पेटत नाही.

‘मंग इस्तो शेजारून मागून आनाचा,’ आई म्हणाली. ‘एवढं तं सांगाचं होतं. दोन वरसं काऊन पुजा मांडली त्याची?’

शेजारून विस्तव मागणं म्हणजे या बाबतीत कटलरीच्या दुकानात जाणं. हीच बॅटरी मोटारीच्या किल्लीत असते, वजनकाट्यात असते. तीस रुपये. नाण्यानं खिटी दाबून जुनी काढली, नवी बसवली, चपटं ‘अधिक’चं अंग वर. मंत्र शेवटचा म्हटला, तारीख घातली. तारीख घालताना जरा हात अडखळला. वर्षाचा आकडा २००२ वरून एकेक करत वर न्यायचा असतो. २०१४ वर बोट क्षणभर थांबलं. त्या वर्षी ८ एप्रिलला एक्सपीचा आधार सुटला होता आणि दोन महिन्यांच्या आत आंध्र प्रदेशाचाही. मग २०१६, जिल्हा तुटला. असं सगळं एकेक कळ दाबत ओलांडून आजपर्यंत आलो. घरात तेलंगणा झालं. मिठाई कुणी वाटली नाही.

आई अजूनही रात्री स्विच बंद करते आणि संगणक अजूनही सकाळी बरोबर उठतो, त्यामुळे एकादशीचं श्रेय गेलं. तिला ते फारसं पटलेलं नाही. परवा म्हणाली, बॅटरी तू आनली ती तारीख पाय. पाहिली. दशमी होती. दुसऱ्या दिवशी सुरू झाला ती एकादशी.

भाऊजींना कळवलं तेव्हा ते म्हणाले, मी म्हटलंच होतं, हार्डवेअर आहे. गुरुजी म्हणाले, शेवटी बॅटरी म्हणजे करंटच की. दुकानातला मुलगा प्रामाणिक, तो ओशाळला, पण त्याचं ओशाळणं एकाच शब्दाचं होतं आणि तो तुम्हाला ठाऊक आहे.

फक्त गेल्या आठवड्यापासून एक नवीन झालं आहे. सुरू करताना तो लांब, न थांबणारं पीं-पीं करतो. यावेळी मी पहिल्यांदाच नीट ऐकलं: हे रॅमचं रडणं आहे. खोडरबर संपलं, दात घासून झाले, दोनांतली एक पट्टी गेली आहे. बाजारात ती नवी मिळत नाही. तेव्हा कुणाच्या माळ्यावर, जुन्या डब्यात, २४० पिनांची डीडीआर-टूची एक जीबीची पट्टी पडून असेल तर ती भंगारात घालू नका. नांदेडकडून येणार असाल तर मुदखेड-किनवटवरून रेल्वे आहे, नागपूरकडून असाल तर पांढरकवड्यापुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. जेवूनच जायचं. एकादशी सोडून कधीही या. त्या दिवशी घरात साबुदाण्याशिवाय काही मिळणार नाही.